तयार इमेज म्हणजे तयार मशीन नव्हे

नवे युनिक्स मशीन हाताने बसवायला शिकवणे आता बंद करावे, असा सूर गेली काही वर्षे सतत कानावर येतो. अभ्यासक्रम ठरवणारे प्राध्यापक तो लावतात, कंपन्यांचे भरती अधिकारी लावतात, आणि अर्धे आयुष्य सर्व्हर रूममध्ये काढलेले काही जुने ॲडमिनही. म्हणणे असे की डिस्कची पार्टिशन पाडणे, युजर तयार करणे, एसएसएच घट्ट करणे, लॉगची व्यवस्था लावणे ही कामे आता कोणी करत नाही. क्लाऊडवर तयार इमेज मिळते, बटण दाबले की मशीन उभे राहते. बिघडले तर पाडायचे आणि दुसरे उभे करायचे. मग प्रात्यक्षिकाचे तास त्यात कशाला घालवायचे? त्याऐवजी मुलांना कंटेनर शिकवा, एआय शिकवा.

असे म्हणणारी माणसे अडाणी नाहीत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. एकेका मशीनसमोर सीडींची चवड घेऊन बसण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरे झाले. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. मशीन बसवणे म्हणजे डिस्कवर फाइली उतरवणे, असे ते धरून चालतात. फाइली उतरवणे हा या कामाचा सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग तेव्हाही होता. मशीन बसवायचे म्हणजे ते कोणासाठी आहे, आत कोणाला घ्यायचे, कशाची नोंद किती दिवस ठेवायची आणि पडले तर पुन्हा कसे उठवायचे हे ठरवायचे. तयार इमेज घेतली म्हणून हे प्रश्न संपत नाहीत. त्यांची उत्तरे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात, आणि त्या माणसाला तुमचे काम काय आहे याची कल्पना नसते.

घड्याळासारखी साधी गोष्ट घ्या. क्लाऊडवरच्या बहुतेक इमेजचे घड्याळ यूटीसीवर लावलेले असते. जगभर पसरलेल्या यंत्रणेसाठी ते योग्यच आहे. आता अशा मशीनवर एखाद्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर चढवा आणि ते सॉफ्टवेअर तारीख थेट मशीनला विचारणारे असू द्या. यूटीसी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत मशीनच्या लेखी कालचीच तारीख चालू असते. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण रात्री काउंटर बंद असतो.

मार्च एण्डला मात्र येते. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी हे जवळून पाहिले आहे. ३१ मार्चच्या रात्री सगळा स्टाफ कचेरीत बसलेला. जुन्या वर्षाचे काम बाराच्या सुमारास उरकले आणि हिशेबनीसांनी चहा घेऊन नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या नोंदी घालायला घेतल्या. वेळ पाऊणची, तारीख १ एप्रिल. व्हाउचरवर छापून आली ३१ मार्च. थकलेल्या माणसांच्या ते ध्यानात आले नाही. नव्या वर्षाच्या नोंदी जुन्या वर्षाच्या तेरजेत जाऊन बसल्या, ताळेबंद जुळेना, आणि लेखापरीक्षकांचा शेरा आला. सॉफ्टवेअर देणारा सांगत होता की प्रोग्रॅममध्ये दोष नाही, आणि ते खरेच होते. त्याच मशीनवर सकाळी सहाला लावलेला बॅकअप रोज साडेअकराला, काउंटरवर गर्दी असताना सुरू व्हायचा. त्या वेळेला मशीन मंद का होते, याचा विचार करून करून तिथली माणसे थकली होती. त्यांनी नेटवर्कच्या वायरी बदलल्या, स्विच बदलला. मशीनचा टाइम झोन ठरवणारी एक ओळ पहिल्या दिवशी कोणी लिहिली नव्हती, कारण मशीन ‘तयार’ आले होते.

घड्याळ यूटीसीवरच ठेवावे आणि रूपांतर सॉफ्टवेअरने करावे, असे म्हणणारे जाणकार आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांनी विचार करून एक बाजू निवडली आहे. माझे भांडण, यात निवडण्यासारखे काही आहे हेच ज्याला शिकवलेले नाही, त्याच्या हाती हिशेबाचे मशीन सोपवण्याशी आहे.

घड्याळाला आता कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश कंपन्यांना, डेटा सेंटरांना आणि सरकारी संस्थांना लागू आहेत. त्यांनुसार मशीनचे घड्याळ एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, नाहीतर त्या वेळेशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मेळात ठेवायचे असते. सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यायची असते. आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. आता डेबियनचे नवे कोरे मशीन घ्या आणि लॉगरोटेटची मूळ फाइल उघडून पाहा. त्यात लिहिले आहे की लॉग आठवड्याला बदला आणि मागचे चार ठेवा. चार-पाच आठवड्यांपलीकडे कोण आत शिरले होते, हे त्या लॉगांत सापडणार नाही. सिस्टीमडीचे जर्नल डिस्कच्या एक दशांशापर्यंत किंवा चार जीबीपर्यंत, यांतली जी मर्यादा आधी लागेल तिथपर्यंतच वाढते आणि मग जुने पुसत जाते. जर्नलसाठी डिस्कवर डिरेक्टरीच नसेल, तर ते नुसते मेमरीत राहते आणि मशीन रिबूट झाले की नाहीसे होते.

यात डेबियनवाल्यांची काही चूक नाही. त्यांनी जगभरच्या लॅपटॉपांपासून प्रयोगशाळांपर्यंत सगळ्यांना चालेल असा मध्यम आकडा घातला. भारतातल्या वित्तसंस्थेला काय लागते, हे त्यांनी का ठरवावे? ते ठरवणे मशीन बसवणाऱ्याचे काम. चार आठवड्यांचे सहा महिने करायचे म्हणजे आकडा बदलून भागत नाही. तेवढी जागा लागणार, मग व्हार डिरेक्टरीला वेगळे पार्टिशन द्यावे लागणार, नाहीतर लॉग फुगून मूळ डिस्क भरेल आणि सगळेच ठप्प होईल. म्हणजे लॉगचा निर्णय पार्टिशन पाडण्याच्या क्षणापर्यंत मागे जातो, आणि तो क्षण तुम्ही इमेज बनवणाऱ्याला देऊन टाकलेला असतो.

‘चुकले तर नंतर बदलू’ हा या मंडळींचा आवडता आधार. पुष्कळ गोष्टी नंतर बदलता येतात, हे खरे. काही येत नाहीत.

पोस्टग्रेस हा डेटाबेस पहिल्यांदा मांडला जातो तेव्हा तो मशीनचे लोकेल पाहतो आणि अक्षरांचा क्रम कोणता मानायचा ते त्यावरून ठरवतो. डेटाबेस तयार झाला की त्याचा हा मूळ क्रम बदलता येत नाही. सगळा डेटा बाहेर काढून नवा डेटाबेस मांडून त्यात भरावा लागतो. तयार इमेजचे लोकेल बहुधा इंग्रजी असते किंवा नुसते ‘सी’, म्हणजे अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनुसार लावा. आता सभासदांची यादी मराठीत काढा. युनिकोडमध्ये ‘ळ’ बसला आहे ‘ल’ च्या शेजारी. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर येतो. परिणाम असा की यादीत काळे हे काशीद आणि कासार यांच्या आधी छापले जातात. मतदानाच्या दिवशी सहकारी संस्थेच्या दारात शाळेत शिकलेला वर्णक्रम डोक्यात असलेला काळे आडनावाचा म्हातारा सभासद कासारांच्या नंतर आपले नाव शोधतो, त्याला ते सापडत नाही, आणि टेबलापलीकडचा मुलगा त्याला सांगतो की काका, तुमचे नाव यादीत नाही. मराठी वर्णक्रम जाणणारी आयसीयू ही सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. पण ती मागावी लागते, आणि मागण्याची योग्य वेळ पहिला दिवस ही असते.

त्यातही पुढची अडचण आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने अक्षरांच्या क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. ज्यांच्या डेटाबेसचे इंडेक्स जुन्या क्रमावर बांधलेले होते, त्यांनी नव्या डेबियनवर किंवा रेड हॅटवर उडी मारली आणि इंडेक्स चुकीचे ठरले. असलेली नोंद सापडेना, एकदाच यायला हवी ती नोंद दोनदा शिरू लागली. आपला डेटाबेस क्रमासाठी कोणाच्या भरवशावर आहे, हे ज्यांना माहीत होते त्यांनी आधी इंडेक्स पुन्हा बांधून घेतले. ज्यांनी बटण दाबून मशीन मिळवले होते त्यांना तो प्रश्न पडण्याचेच कारण नव्हते.

डिस्कचेही तसेच. एक्सटी४ ही फाइल सिस्टीम तयार करतानाच तिच्यात किती फाइली मावतील हे ठरून जाते, कारण प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या इनोडची संख्या तेव्हाच पक्की होते. साधारण दर सोळा केबीमागे एक, असा ठरलेला हिशेब आहे. लाखो बारीक फाइली साठवणाऱ्या कामाला तो पुरत नाही. मग एके दिवशी मशीन म्हणते, जागा शिल्लक नाही. ॲडमिन डीएफ चालवतो, अर्धी डिस्क मोकळी दिसते. तो पुन्हा चालवतो. मशीन खोटे बोलते आहे असे त्याला वाटते, तो रिबूट करतो, तरी तेच. डीएफला ‘-आय’ जोडून चालवले असते तर इनोड शंभर टक्के संपल्याचे एका ओळीत दिसले असते. पण ज्याने स्वतः कधी फाइल सिस्टीम बनवलेली नाही, त्याच्या जगात इनोड नावाची वस्तूच नसते. आणि कळल्यावरही आहे त्या फाइल सिस्टीमवर तो आकडा नुसता वाढवता येत नाही.

पहिल्या दिवशीचा निर्णय किती काळ पुरतो, याचे उदाहरण युनिक्सच्या घरातच आहे. बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पीडीपी-११ ची पहिली डिस्क भरली, म्हणून काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर, जिथे लोकांच्या फाइली असत त्या यूएसआरमध्ये हलवले गेले. एका डिस्कची तात्पुरती अडचण होती ती. त्यातून बिन आणि यूएसआर-बिन अशी दोन घरे झाली, आणि नंतर त्या फाळणीला पाठ्यपुस्तकांतून भारदस्त कारणे जोडली गेली. ती दोन घरे पुन्हा एक करायला फेडोराला २०१२ उजाडले आणि डेबियनला २०२३.

आता सुरक्षेकडे येतो, कारण तयार इमेजचे समर्थक तिथेच सर्वांत जास्त निर्धास्त दिसतात. ते म्हणतात, इमेज बनवणारे तुमच्या मुलांपेक्षा हुशार आहेत, त्यांनी सगळे घट्ट करून दिलेले असते. आणि काही राहिलेच, तर एआयला विचारा, ते कॉन्फिगरेशन लिहून देते.

एसएसएचचे उदाहरण पाहू. पासवर्डने कोणाला आत घ्यायचे नाही, फक्त किल्लीने घ्यायचे, असे ठरले. एआयला विचारले. त्याने अचूक ओळ दिली. मुलाने ती ईटीसीमधल्या एसएसएचडीच्या मुख्य कॉन्फिग फाइलच्या तळाशी लिहिली, सेवा पुन्हा सुरू केली, एररही आली नाही. तरीही दार उघडे. का? कारण एसएसएचडी एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो आणि नंतरच्या सोडून देतो. डेबियन आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मुख्य फाइलच्या अगदी वरच्या भागात शेजारच्या डिरेक्टरीतल्या फाइली आत घेण्याची ओळ असते. आणि क्लाऊड-इनिट हा प्रोग्रॅम पहिल्या बूटच्या वेळी त्या डिरेक्टरीत स्वतःची एक फाइल टाकू शकतो. तिच्यात पासवर्डला ‘होय’ असेल, तर तुमचे तळातले ‘नाही’ कोणी वाचतच नाही. यावर उपाय आहे. एसएसएचडीला मोठ्या ‘टी’ चा पर्याय देऊन चालवले की सगळ्या फाइली गोळा करून शेवटी कोणती सेटिंग लागू झाली ती तो छापून दाखवतो. काय लिहिले आणि प्रत्यक्षात काय लागू झाले या वेगळ्या गोष्टी आहेत, हे हाताने काम करताना अंगात मुरते. उत्तर बरोबर मिळाले तरी ते कुठे लिहायचे आणि लागू झाले की नाही हे कसे तपासायचे, एवढे माणसाला आलेच पाहिजे.

इमेजची नक्कल मारण्यातला धोका याहून खोल आहे. नक्कल म्हणजे नक्कल. जे वेगळे असायला हवे तेही सारखेच उतरते. ईटीसीमध्ये मशीन-आयडी नावाची एक बारीकशी फाइल असते. तिच्यातला आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा असायला हवा. उबुंटू १८.०४ पासून डीएचसीपी सर्व्हरला द्यायची ओळख या आकड्यावरून तयार होऊ लागली. ज्यांनी एक व्हर्च्युअल मशीन बसवून त्याच्या प्रती काढल्या, त्यांच्या दोन मशीनना एकच आयपी पत्ता मिळू लागला. एक चालू केले की दुसरे नेटवर्कवरून गायब. मॅक ॲड्रेस तर वेगवेगळे आहेत, मग हे होते कसे, म्हणून माणसे डोके धरून बसली. एसएसएचच्या होस्ट किल्ल्या अशाच प्रतींबरोबर वाटल्या गेल्या, तर एका मशीनची किल्ली ज्याच्या हाती लागली त्याला बाकी सगळ्यांचे सोंग घेता येते.

आणि किल्ल्या पहिल्या बूटच्या वेळी नव्याने बनवल्या तरी सगळे निभावते असे नाही. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या मशीनच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. टीएलएस वापरणाऱ्या सुमारे अर्धा टक्का मशीनच्या खासगी आरएसए किल्ल्या त्यांना गणिताने काढता आल्या, आणि एसएसएच वापरणाऱ्या एक टक्क्याहून थोड्या जास्त मशीनच्या डीएसए किल्ल्याही. बहुतेक ठिकाणी कारण हेच की राउटर, फायरवॉल असली उपकरणे नुकतीच चालू झालेली असताना त्यांच्याकडे पुरेशी यादृच्छिकता जमलेली नसते, आणि त्याच क्षणी त्यांना किल्ली बनवायला लावले जाते. मग दूरदूरची दोन उपकरणे एकच मूळ संख्या निवडून बसतात. पहिल्या बूटचे ते काही क्षण किती नाजूक असतात, हे त्या संशोधनाने जगाला दाखवले. त्या क्षणांकडे ढुंकूनही पाहू नका असे विद्यार्थ्यांना सांगण्याचा सल्ला मला कळत नाही.

२०१६ चा मिराई हा मालवेअर तर अजून साधा. कॅमेरे, राउटर, डीव्हीआर यांच्या पोटात लिनक्सच असते. कारखान्यात भरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या पाठ केलेला एक प्रोग्रॅम जगभर फिरला, आणि पासवर्ड न बदललेली यंत्रे त्याने गोळा केली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर त्या यंत्रांचा हल्ला झाला आणि मोठमोठी संकेतस्थळे तासन्तास दिसेनाशी झाली. ही सगळी यंत्रे ‘तयार’ म्हणूनच विकली गेली होती.

आता त्या प्रसिद्ध उपमेविषयी. सर्व्हर हे पाळीव प्राणी नव्हेत, गुरे आहेत. त्यांना नावे देऊ नका, क्रमांक द्या. आजारी पडले तर उपचार करत बसू नका, दुसरे आणा. मायक्रोसॉफ्टमधल्या बिल बेकर यांच्या मांडणीतून ती आली आणि रँडी बायस यांनी क्लाऊडच्या संदर्भात ती सर्वदूर नेली. आपल्याकडच्या परिषदांतही ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. ज्या देशात एका माणसाच्या रानात हजारो जनावरे कानाला बिल्ला लावून चरतात, तिथे ती सुचणे स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे एक बैलजोडी असते. पोळ्याला तो तिची पूजा करतो, पण ते एका दिवसापुरते. वर्षभर तो कोणता बैल कुठल्या खांद्याला जुंपायचा, कोणाला कसला चारा सोसत नाही, हे जाणून असतो, कारण त्यातला एक बसला तर त्याची पेरणी हुकते. आपल्या दूध संघांत, पतसंस्थांत, ग्रामीण महाविद्यालयांत, तालुक्याच्या दवाखान्यांत मशीन असतात ती अशीच, एक किंवा दोन. तिथे जाणाऱ्या मुलाला हजार सर्व्हरच्या कळपाचे तत्त्वज्ञान देऊन पाठवणे म्हणजे त्याला आणि त्या संस्थेला दोघांनाही उघड्यावर सोडणे आहे.

आणि खरोखर हजार मशीन असली तरी काय? कळपाला कोणते खाद्य द्यायचे, कोणती लस टोचायची हे कोणीतरी ठरवतेच. एका मशीनवरची चूक एका मशीनपुरती राहते. इमेजमधली चूक हजार ठिकाणी एकाच रात्रीत पोहोचते. म्हणजे संख्या वाढेल तसा बसवणाऱ्याच्या समजेचा भाव वाढायला हवा.

ऑटोमेशनचा मुद्दा त्यांनी आपल्या बाजूला धरला आहे, तोही माझ्या मते त्यांच्या बाजूचा नाही. ओस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफएंजिन लिहिले. नंतर पपेट आले, २०१२ मध्ये अन्सिबल आले. ही साधने मला प्रिय आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती शिकावीत. पण ती करतात काय? मशीनवरची फाइल कशी असावी, कोणती सेवा चालू असावी, कोणाला कोणता अधिकार असावा हे माणसाने ठरवलेले ती कागदावर आणतात आणि न थकता पाळतात. जे ठरवलेच नाही ते त्यांना लिहिता येत नाही. अन्सिबलची प्लेबुक इंटरनेटवरून उचलून चालवणारा मुलगा आणि तयार इमेज घेणारा मुलगा यांच्यात मला फरक दिसत नाही. बर्जेस यांनी आधी अनेक मशीन हाताने सांभाळली होती. त्या कंटाळ्यातून आणि त्या समजेतून ते साधन जन्मले.

३१ जानेवारी २०१७ चा गिटलॅबचा प्रसंग मी दरवेळी विद्यार्थ्यांना सविस्तर सांगतो, कारण त्या कंपनीने काहीही न लपवता सगळे जाहीर लिहून ठेवले. दमलेल्या अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. शेकडो जीबींचा डेटा काही सेकंदांत गेला. हरकत नाही, बॅकअप होते. एक-दोन प्रकारचे नव्हे, चांगले पाच प्रकारचे बॅकअप आणि प्रती असायला हव्या होत्या. रोज चालणारा डेटाबेसचा डंप पाहिला तर तिथे काहीच नव्हते. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम मशीनवर ९.२ चा लागला होता. आवृत्ती जुळेना म्हणून तो रोज अपयशी होत होता. अपयशाची ईमेल जात होती, पण ती सही नसल्यामुळे पलीकडचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली प्रत कामी आली. चुकून पुसणारा हात हा अपघात होता, तो कुठेही होईल. डंपची आवृत्ती, मेलची सही, बॅकअप उघडून पाहण्याची सवय या मशीन उभे करतानाच्या गोष्टी होत्या. जगातल्या उत्तम अभियंत्यांकडे, पूर्ण ऑटोमेशन असताना, त्या राहून गेल्या. मग हा विषयच शिकवू नका म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलांकडून कशाची अपेक्षा ठेवली आहे?

‘क्लाऊड कंपनी पाहून घेते’ या समजुतीला उत्तर खुद्द क्लाऊड कंपन्यांनीच दिले आहे. ॲमेझॉनच्या जबाबदारीच्या वाटणीत स्पष्ट म्हटले आहे की इमारत, वीज, हार्डवेअर आणि व्हर्च्युअलायझेशन त्यांचे. ईसी२ वर तुम्ही घेतलेल्या मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे अपडेट, तिची फायरवॉल आणि तिचे कॉन्फिगरेशन तुमचे. करारात हे लिहिलेले असते. विकणारा हे सांगतो आणि शिकवणारा सांगत नाही, ही आजची स्थिती आहे.

ज्यांनी युनिक्स घडवले आणि जपले त्यांना हे सगळे फार आधी कळले होते. ओपनबीएसडी बसवताना इन्स्टॉलर थेट विचारतो, एसएसएच चालू ठेवू का, रूटला बाहेरून आत घेऊ का. दुसऱ्या प्रश्नाचे आधीच भरलेले उत्तर ‘नाही’ असते. इन्स्टॉल झाल्यावर रूटच्या नावे एक मेल पडलेली असते आणि तीत ‘आफ्टरबूट’ हे मॅन्युअलचे पान वाचायला सांगितलेले असते. पहिल्या बूटनंतर काय काय पाहून घ्यायचे ते सारे त्या पानावर आहे. तारीख आणि वेळ बरोबर आहे का, होस्टनेम लागले का, नेटवर्कचे रस्ते ठीक आहेत का, डिस्क योग्य ठिकाणी माउंट झाल्या का. इन्स्टॉल संपले की काम संपले, असे ती माणसे मानत नाहीत. नेटबीएसडीतही त्याच नावाचे पान आहे. कोणत्याही महाविद्यालयाला ते पान फुकट मिळते आणि दोन तासांच्या प्रात्यक्षिकात सहज बसते.

मी जुना अभ्यासक्रम जसाच्या तसा राखा असे म्हणत नाही. त्यात भरपूर कचरा होता. कमांडांच्या याद्या पाठ करून घेणे, व्हीआयच्या कळा परीक्षेत लिहायला लावणे, पडद्याच्या छायाचित्रांनी जर्नल भरणे, हे सगळे खुशाल काढून टाका. त्या शिक्षणाने युनिक्सविषयी प्रेम निर्माण झाले नाही, तिटकाराच निर्माण झाला, आणि आजच्या या मागणीच्या मुळाशी तो तिटकाराही आहे हे मला दिसते. पण वाईट शिकवले म्हणून विषयच हद्दपार करायचा, हा न्याय नाही.

त्याच्या जागी एवढे करा. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन व्हर्च्युअल मशीन द्या. साधा जुना कॉम्प्युटरही त्याला पुरतो, खर्च जवळपास शून्य. पहिले मशीन त्याने रिकाम्या डिस्कपासून बसवावे: पार्टिशन स्वतः पाडावी, टाइम झोन आणि लोकेल स्वतः निवडावे, लॉग किती दिवस ठेवणार ते ठरवावे, रोजचा बॅकअप लावावा, आणि प्रत्येक निर्णयापुढे त्याचे कारण दोन ओळींत मराठीत लिहावे. मग ते मशीन बंद करून पुन्हा चालू करावे. हाताने सुरू केलेली पण बूटला न जोडलेली सेवा, न साठवलेले फायरवॉलचे नियम, सगळे तिथे उघडे पडते, आणि वीज गेल्यावर पडण्यापेक्षा वर्गात पडलेले बरे. त्यानंतर हेच सगळे अन्सिबलमध्ये लिहून दुसरे मशीन उभे करावे आणि दोन्हींत कुठे फरक राहिला ते शोधावे. तोंडी परीक्षेला परीक्षकाने प्रश्न विचारत बसू नये. विद्यार्थ्यासमोर पहिल्या मशीनची डिस्क पुसावी, घड्याळ लावावे, आणि कालच्या बॅकअपवरून ते परत उभे करायला सांगावे.